नायकिणीला आवाज लागतो

वैशाखात चंद्राच्या लग्नाचा मांडव उभा राहिला आणि उंबराच्या वाडीपुढं दोन कामं एकदम येऊन पडली. सहदेवाच्या लेकीला हळद लावायची, हे एक. बयाबाईच्या जागी मुंबईला कुणी जायचं ते ठरवायचं, हे दुसरं. पहिल्या कामाला पोलादपूरचे भटजी होते, मुहूर्त होता, महाडच्या पेठेतून आणलेलं सामान होतं. दुसऱ्याला यातलं काहीच नव्हतं, त्यामुळं त्यात सगळ्यांनी डोकं घातलं होतं.

बयाबाई ही सहदेवाची थोरली बहीण. कोवळ्या वयात कुंकू पुसलं गेलं तेव्हा ती दासगावच्या बंदरात मचव्यात बसली, बाणकोटला आगबोट धरली आणि मुंबईत एका गिरणीच्या सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला लागली. त्या खात्यात सगळ्या बायाच. त्यांच्यावरची जी मुख्य, तिला तिथं नायकीण म्हणतात, आणि पुढं बयाबाई ती झाली. हा शब्द वाडीत पहिल्यांदा आला तेव्हा सहदेव कितीतरी दिवस पोलादपूरच्या बाजाराला तोंड दाखवेना. आपल्याकडं नायकीण म्हणजे गाणारी, कुणा शेठजीनं ठेवलेली. शेवटी त्यानं आपल्यापुरता तोडगा काढला. कुणी विचारलं तर सांगायचा, "आमची आक्का गिरणीत मुकादमीण हाय," आणि विषय भाताच्या पिकावर न्यायचा.

आता मुकादमिणीचे गुडघे गेले होते. खात्यात दिवसभर साच्यांमधून, म्हणजे यंत्रांच्या रांगांतून, फिरावं लागतं, बसून नायकीणपण होत नाही. खात्याच्या साहेबानं तिला मेहेरबानी म्हणूनच सांगितलं होतं की वैशाख सरायच्या आत तुझी बाई तू घेऊन ये, नाहीतर मी दुसरीला नेमीन. ती दुसरी कोण ते बयाबाईला पक्कं ठाऊक होतं. ती आली की आपल्या गावाकडच्या बाया भरणार आणि पोलादपूर, नाते, बिरवाडीकडच्या चाळीसेक बायांना एकेकीचं निमित्त काढून घरी बसवणार. त्यातल्या कितीतरी जणींची चूल त्या खात्यावर पेटत होती. बयाबाईनं एकेकीला हाताला धरून तिथं नेलं होतं. चुकीची बाई निवडली तर त्या सगळ्यांचं वाटोळं होईल, ह्या विचारानं तिला वाडीत आल्यापासून धड जेवण गेलं नव्हतं.

घरच्यांना मात्र यात अवघड असं काही दिसत नव्हतं.

"नायकिणीला आवाज लागतो," येसूबाई म्हणाली. येसूबाई सहदेवाची बायको, घरातलं सगळं तिच्या हातात. "एवढे साचे धडाडतात. त्यात चाळीस बायांना हाकारायचं म्हंजे काय खायचं काम हाय? आन् आवाज म्हणशील तर आपल्या रखमाचा."

रखमा ही थोरली सून, चांगूची बायको. आवाजाच्या बाबतीत तिच्याशी वाद नव्हता. येसूबाईनं लगेच तिला अंगणाच्या कडेला उभं केलं आणि ओढ्यापलीकडच्या वाडीला हाळी द्यायला लावली. रखमानं पदर खोचला, तोंडाशी हात धरले आणि "हंडे घेऊन या गो ऽ ऽ" अशी हाक दिली की पलीकडं गोठ्यातल्या माणसानं बाहेर येऊन हात केला. मांडवातली माणसं हसली. येसूबाईनं नणंदेकडं असं बघितलं की जणू सौदा झालाच.

बयाबाईनं मान डोलावली. तिनं रखमाचं तोंड उघडलेलं बघितलं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या बघितल्या, अंगणात झोपलेलं कुत्रं दचकून उठलेलं बघितलं. हाक काही तिच्यापर्यंत आली नाही. जवळ कुणी कण्या दळत असावं तशी एक घरघर तेवढी कानात झाली आणि विरली.

कारण बयाबाईला ऐकू येत नव्हतं, आणि वाडीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते एका दिवसात गेलं नव्हतं. साच्यांच्या धडाक्यात वर्षानुवर्षं उभं राहून ते थोडं थोडं झिजलं, आणि गंमत अशी की गिरणीत ते तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. त्या खात्यात कोण कुणाचं ऐकतं? तिथं बोललेलं शेजारणीलासुद्धा पोचत नाही. बाया ओठांनी बोलतात, बोटांनी बोलतात, भुवई उडवून लांबच्या साच्यावरच्या मैत्रिणीला सासूची अख्खी हकिकत सांगतात. आवाज कुणी वापरतच नाही. खात्यात सगळ्याच बहिऱ्या, त्यामुळं खरी बहिरी कोण हे उघडं पडत नाही. बयाबाई तिथं राणीसारखी वावरत होती. भीती तिला वाटायची ती गावाला आल्यावर, जिथं माणसं पाठ फिरवून, तोंडात तंबाखू धरून, चुलीत वाकून बोलायची.

आणि ओठ काही सगळंच सांगत नाहीत. ओठांवर प, ब आणि म ह्यांत काडीचा फरक नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी येसूबाईनं विचारलं होतं, "वन्सं, पोळ्या कराव्या का?" बयाबाईला दिसल्या मोळ्या. लाकडं गोळा करायचं चाललंय असं समजून ती म्हणाली, "ओल्या नको गो, सुक्या बऱ्या." येसूबाई विचारात पडली. मग हे मुंबईचं काहीतरी वळण असणार असं धरून तिनं पुरणाचा बेत मोडला आणि गुळाच्या कडक पोळ्या लाटायला घेतल्या. आता त्या टोपलीभर पडल्या होत्या आणि येणारा जाणारा त्या खाऊन "मुंबईच्या रीतीच्या" म्हणून वाखाणत होता. बयाबाईनंही दोन खाल्ल्या.

एरवी तिला ह्या न ऐकण्याचं फारसं दुःख नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. लग्नघर म्हणजे केवढा कालवा, पण तिच्यासाठी सगळं पाण्याखाली चालल्यासारखं मुकं आणि सावकाश होतं. आंब्याच्या डहाळ्यांतून उन्हाचे कवडसे मांडवात उतरत आणि माणसांच्या खांद्यावरून सरकत. बाया तोंडं उघडून गात होत्या, त्यांच्या माना एका लयीत डोलत होत्या, आणि गाणं कुठलं ते बयाबाई स्वतःच ठरवायची. तिची आई म्हणायची ते. आई जाऊन कैक वर्षं झाली होती, पण त्या मुक्या मांडवात तिचा गळा इतका स्पष्ट ऐकू यायचा की बयाबाईचे डोळे भरायचे. लांब डोंगरावर वणव्यानं काळे पडलेले पट्टे होते, त्याखाली सावित्रीचं पात्र वाळून पांढरं पडलं होतं, आणि उन्हात ते सगळं हलत होतं. तिला कधी कधी वाटायचं की आपण अजून आगबोटीतच आहोत, आणि हे गाव काठावरून मागं मागं सरकत चाललंय.

हळदीच्या सकाळी घाणा भरायचा होता. जात्याला आणि मुसळाला आंब्याची पानं बांधली, पाच सवाष्णींना कुंकू लावलं, हळकुंडं आणली. बयाबाई विधवा, तिनं त्या जात्याला हात लावायचा नव्हता. ती न सांगता उठली आणि पडवीच्या टोकाला तांदूळ निवडायला बसली. तिथं आधीच एक जण सूप घेऊन बसली होती. धाकटी सून, तुळसा.

तुळसाचा नवरा जिवंत होता. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळे मणी होते. पण पांडू मुंबईला गोदीवर कामाला गेला तो दोन पावसाळे झाले, परतला नव्हता. तिकडं त्यानं दुसरी बाई ठेवल्याचं येणारे जाणारे सांगत. तेव्हापासून घरानं तुळसाला कुठं बसवायचं हे ठरवलंच नव्हतं. सवाष्णींत बोलवायचं की नाही असा प्रश्न आला की येसूबाई तिला काहीतरी काम सांगून लांब पाठवायची. आज तांदूळ होते.

दोघी समोरासमोर बसल्या. बरंच निवडून झालं. मग बयाबाईच्या लक्षात एक गोष्ट आली. तुळसा काही बोलायच्या आधी दर वेळी हातातलं थांबवत होती. चेहरा वर करत होती. बयाबाईची नजर आपल्यावर येईपर्यंत वाट बघत होती आणि मगच ओठ हलवत होती. घाई नाही, पण उगीच लांबवणंही नाही. एवढ्या दिवसांत हिचं एकही बोलणं आपण चुकलो नाही, हे बयाबाईला आता कळलं.

तिनं इकडं तिकडं बघितलं. "तुला कवा समजलं?" तिनं विचारलं. आपला आवाज किती बारीक झाला की मोठा, हे तिला सांगता आलं नसतं.

तुळसानं आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. "तुमी आलात त्याच दिवशी. तुमच्या मागं हंडा पडला. समदी दचकली, तुमी नाय."

"कुणाला बोललीस?"

"कुणी विचारलं नाय."

"आन् एवढ्यावरनं वळाखलंस?"

तुळसानं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग वर बघितलं. "तुमी बोलताना माझ्या तोंडाकडं बघता, आत्या. ह्या घरात माझ्या तोंडाकडं कोण बघत नाय. म्हणून लगेच कळलं."

बयाबाईनं मूठभर तांदूळ उगीचच ह्या सुपातून त्या सुपात केले.

"तुला यायचंय मुंबईला?" शेवटी ती म्हणाली.

"यायचंय."

"पांडूपायी?"

"नाय." ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. "त्याची वाट मी मागच्या शिमग्यालाच सोडली. पन इथं मी हाय पन आन् नाय पन. जेवायला वाढताना आठवते, पंगतीत बसवताना इसारते. कामाला कुठंबी म्हणाल तिथं येईन. पन मला न्या असं मी मामंजींपुढं बोलणार नाय, आन् तुमची ही गोष्ट सांगीन असं पन तुमाला धमकावणार नाय."

"तसं कोण म्हणलं?"

"कोण नाय. पन तुमच्या मनात आलं असंल."

आलं होतं. बयाबाई लाजली. ह्या पोरीनं ओठ वाचले नव्हते, त्याच्या आतलं वाचलं होतं.

दुपारी महाडहून खतीजाबी आली, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन. ह्या घरच्या तीन पिढ्यांना चुडा तिनं आणि तिच्या सासूनं भरला होता. चंद्राचा हात मांडीवर घेऊन ती मऊ करत बसली आणि बायांनी गराडा घातला. आधी कुणी भरायचं यावरून वरल्या आणि खालल्या आवाठातल्या, म्हणजे आळीतल्या, दोघींची जुंपली. विहिरीवरचं जुनं भांडण होतं, ते बांगड्यांच्या टोपलीत उतरलं. रखमा उठली, मध्ये उभी राहिली आणि तिनं असा दम दिला की दोघी मुकाट बसल्या. खतीजाबी हसून म्हणाली, "ही गो खरी नायकीण." येसूबाईला तेवढंच हवं होतं.

बयाबाई लांबून बघत होती. दम दिल्यावर भांडण थांबलं असं सगळ्यांना ऐकू आलं. तिला दिसत होतं की ते थांबलेलं नाही. खालल्या आवाठातली काशी इकडं तोंड फिरवून पुटपुटत होती, "जेवायला थांबते तर शप्पत." अशीच बाई दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही, तिसऱ्या दिवशी आणखी चौघींना घेऊन घरी बसते, आणि नायकीण म्हणते की काल तर सगळं शांत होतं.

मग तिनं तुळसाला बघितलं. तुळसा पाणी देत फिरत होती. ती काशीपाशी थांबली, वाकली, काहीतरी बोलली. काशीनं मान झटकली. तुळसा पुन्हा बोलली. आता काशीनं कपाळाला आठी घातली, पदर खोचला आणि तरातरा चुलीकडं गेली, आणि थोड्या वेळानं ती वाटाण्याच्या उसळीचं पातेलं ढवळत, रागानं का होईना, सगळ्यांना हुकूम सोडत होती. वड्यांच्या पिठाला किती मोहन घालायचं ते काशीएवढं कुणाला कळत नाही, असं काहीसं तिला सांगितलं असावं.

बयाबाईला बरं वाटलं, आणि लगेच तिनं स्वतःला टोकलं. हे खरं की आपल्याला दिसावंसं वाटतंय म्हणून दिसतंय? रखमा काही वाईट नव्हती. अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ, कामाला वाघीण. मुलाबाळांत रमलेली बाई बाकीच्यांची मुलंबाळं समजून घेते. रखमानं दम दिला तो कुणाचं वाईट व्हावं म्हणून दिला नव्हता. आणि तुळसा? तुळसा आपल्यासमोर तोंड वर करून बोलते, आपलं गुपित राखते. बहिऱ्या बाईला सोयीची. सोयीची म्हणून चांगली वाटते, की चांगली आहे म्हणून चांगली वाटते? गिरणीतला साहेब असाच फसायचा. जो हेडक्लार्क त्याच्या कलानं बोलायचा तो त्याला हुशार वाटायचा. आपण त्याला मनातल्या मनात हसायचो, आणि आज आपण काय करतोय? चाळीस बायांचं अन्न आपल्या हातात आहे. तिनं डोळे मिटले. डोळे मिटले की जग पुरतं बंद व्हायचं. त्या अंधारात साचे फिरत होते, पांढरं सूत फिरत होतं, आणि ओळीनं उभ्या असलेल्या बाया तिच्याकडं तोंड करून काहीतरी विचारत होत्या, पण त्यांना ओठच नव्हते.

हळद लागली. उन्हं डोंगराआड गेली तसा मांडव सोनेरी, मग करडा होत गेला. दिव्याच्या उजेडात ओठ नीट दिसत नाहीत, म्हणून जे ठरायचं ते दिवेलागणीच्या आत ठरावं अशी बयाबाईची धडपड होती. तिनंच सगळ्यांना बोलावलं. पडवीच्या पायरीवर ती बसली, गुडघ्यांना करंजेल चोळलेलं, पाय पुढं पसरलेले. समोर येसूबाई आणि रखमा. जरा लांब, मांडवाच्या मेढीला टेकून तुळसा, हातात रिकामं पातेलं. सहदेव उभाच होता.

"उद्या लग्न लागलं की परवा मला निघायला हवं," बयाबाई म्हणाली. "कुणाला न्यायचं ते सांगून टाकते. माझ्या मनात तुळसा हाय."

येसूबाईचं तोंड उघडं राहिलं. रखमाचं तोंड एवढंसं झालं, आणि बयाबाईनं ते बघितलं.

"वन्सं, आवाज कुठाय तिला?" येसूबाई म्हणाली. "समोर बोलली तर ऐकू येत नाय."

सहदेव वळला आणि बहिणीच्या मागं जाऊन मांडवाची सुटलेली दोरी बांधू लागला. बयाबाईनं मनात म्हटलं, आता आलं. सहदेवाची लहानपणापासूनची खोड होती. थोरल्या बहिणीला तोंडावर कडू बोलायची त्याची छाती होत नसे. जे बोचणारं असेल ते तो नेहमी तिच्या पाठीमागं उभं राहून, हाताला काहीतरी चाळा घेऊन बोलायचा. पूर्वी तिला ते ऐकू यायचं.

समोरची सगळी तोंडं तिच्या खांद्यावरून मागं बघायला लागली. म्हणजे तो बोलत होता. एरवी अशा वेळी ती हातातलं काहीतरी पाडायची आणि उचलायच्या निमित्तानं मागं वळायची. आज गुडघे वळू देत नव्हते. येसूबाई मान डोलावत होती. भाऊ काय विचारतोय ते न कळता उत्तर दिलं की खेळ संपला. ओल्या आणि सुक्या पोळ्यांवर हे निभणार नव्हतं.

तेव्हा तिची नजर तुळसावर गेली. तुळसा मेढीला टेकून तशीच उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, कारण बाकी कुणीच तिच्याकडं वळलं नाही. सहदेव बोलत होता आणि त्याचे शब्द मागोमाग तुळसाच्या ओठांवर उमटत होते.

"आक्का, तुझ्या शब्दाभाईर मी नाय," ओठ सांगत होते. "पन लोक काय म्हणतील. तिकडं पांडू हाय. हिला गिरणीत नेलीस तर नवऱ्याच्या मागं गेली म्हणतील."

मग ओठ थांबले. येसूबाईनं झटकन तुळसाकडं बघितलं आणि नजर खाली टाकली. रखमानं तोंडावर पदर घेतला. काहीतरी बोललं गेलं होतं. तुळसानं मेढीला टेकलेली पाठ सरळ केली. क्षणभर बयाबाईला वाटलं की ही आता तोंड फिरवणार, आणि फिरवलं असतं तर तिनं तिला दोष दिला नसता.

तुळसानं चेहरा वर केला. उरलेला उजेड नेमका तिच्या तोंडावर होता. ओठ हलले, न घाई करता, एकेक अक्षर सुटं.

"जिला आपला एक नवरा सांभाळता आला नाय, ती चाळीस बाया काय सांभाळणार?"

बयाबाईनं ते वाचलं. पुन्हा वाचायची गरज नव्हती. प, ब, म कशाचाच घोटाळा नव्हता. भावाचं बोलणं ज्या बाईला लागायचं होतं तिच्याच तोंडातून ते तिच्यापर्यंत आलं होतं, न चुकवता, न मऊ करता, आणि ह्याच बाईचं सगळं पुढचं आयुष्य त्या बोलण्यावर मोडणार होतं. दुपारपासूनची तिची शंका फिटली. साहेबाचं खाली सांगायचं आणि बायांचं वर सांगायचं, एवढंच तर नायकिणीचं काम. आपल्याला झोंबणारा शब्द जी वाटेत गाळत नाही, तिच्या हाती चाळीस काय, चारशे बाया द्याव्यात.

"सदा," ती मान न वळवता भावाला म्हणाली, "नवरा सांभाळायला नाय नेत मी तिला. बाया सांभाळायला नेते. आन् पांडू तुझा लेक. वीस वरसं तुझ्या घरात वाढला. तुला तरी कुठं सांभाळता आला?"

मांडवातल्या सगळ्यांच्या नजरा सहदेवाकडं गेल्या.

"आन् येसू, आवाजाचं सांगते," बयाबाई पुढं म्हणाली. हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. "रखमानं त्या दिशी हाळी दिली ती पलीकडल्या वाडीला पोचली. मला नाय पोचली. मला ऐकायला येत नाय. कैक वरसं झाली. तिथं कुणालाच येत नाय, म्हणून निभलं."

येसूबाईनं कपाळाला हात लावला. तिला बहुतेक गुळाच्या पोळ्या आठवल्या असाव्यात. रखमा मात्र उठली, येऊन पायरीवर बसली आणि बयाबाईचा तेलकट गुडघा दोन्ही हातांनी धरून बसली. मोठ्या आवाजाच्या माणसाला कधी कधी काही न बोलणं चांगलं जमतं.

सहदेव दोरी सोडून पुढं आला. त्यानं बहिणीसमोर बैठक मारली, जवळ, लहानपणी चिंचोके खेळायला बसायचा तसा. डोळे ओले होते. त्यानं ओठ फार मोठे करत विचारलं, "मंग मी मागं काय बोललो ते तुला कसं समजलं?"

बयाबाईनं नुसतं तुळसाकडं बघितलं, आणि सगळ्यांनी बघितलं.

सहदेवाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो बसल्या जागी खचला. त्यानं सुनेकडं मान वळवली.

"तू सांगितलंस?"

"व्हय."

"समदं? ते नवऱ्याचं पन?"

"व्हय, मामंजी."

"अगो, ते तेवढं गाळायचंस की. कोणाला कळणार व्हतं?"

तुळसानं पातेलं खाली ठेवलं. यावेळी तिनं आवाज काढला. बयाबाईपर्यंत तो पोचला नाही, पण सांगणारे सांगतात की मांडवात शेवटच्या माणसाला तो स्वच्छ ऐकू गेला.

"गाळलं असतं तर ते तुमचं बोलणं नसतं झालं, मामंजी. माझं झालं असतं."